लॉनखालची काळी माती

“ही माती नाही मॅडम, कचरा आहे! उचलून फेकतो, दोन टिप्पर लाल माती टाकतो. रविवारपर्यंत लॉन हिरवंगार!”

“तोंड सांभाळ गा प्रीतम!” रंभाबाई कडाडली. “कचरा कोणाले म्हणून राहिला तू?”

मला. जिच्यावरून हे भांडण जुंपलंय ती मी, काळी माती, बोलतेय. नागपुरात हिंगणा रस्त्याला पुष्पलताबाईंचं घर आहे, त्यापुढचा एवढासा तुकडा. पण ऐट विचाराल तर अख्ख्या शिवाराची!

मी खडकाची लेक. हजारो वर्षं झिजून झिजून अशी काळीभोर झाले. इथं ले-आउट पडायच्या आधी माझ्या अंगावर तूर अशी माजायची की आत शिरलेला माणूस दिसत नसे. मग माझे प्लॉट पडले. घर बांधणाऱ्यांनी विटांचे तुकडे अन् सिमेंटचा राडा माझ्याच पोटात पुरला, आणि वर म्हणाले, इथं काही उगवत नाही! माणसाची ही खोड जुनीच.

माझा स्वभाव कडक आहे, लपवत नाही. पावसात चिकटते, उन्हात भेगाळते. पण मधले काही दिवस असे येतात की अंगात ओल असते अन् चिकटपणा नसतो. शेतकरी त्याला वाफसा म्हणतात. तेव्हा कुदळ लावा, रव्यासारखी मोकळी होते मी.

प्रीतमला एवढा धीर कुठला? लॉन लावायचा ठेका त्याचा. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्याच सकाळी हा माणसं घेऊन माझ्या ओल्या अंगावर चढला. खणलं, तुडवलं, वर गवताचे गालिचे अंथरले अन् गेला निघून. आठ दिवसांत माझी ढेकळं विटेसारखी टणक झाली. पाणी वरच साचलं, मुळं आत शिरेनात. महिन्याभरात गवत पिवळं पडलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अनवाणी चालायला मऊ गवत हवं, म्हणून पुष्पलताबाईंनी हा घाट घातला होता. त्या गॅलरीत बसून वाळलेलं गवत बघत राहिल्या.

शेवटी त्यांनी रंभाबाईला बोलावलं. ही सावनेरकडची, जन्मभर शेतात राबलेली. शाळा पाहिली नाही, पण मूठभर माती दाबून बघते. गोळा बोटाच्या धक्क्यानं भुरभुरला तरच कुदळ उचलते. अशा हातांची मला पारख आहे. ती आली त्याच दिवशी प्रीतमही टिप्पर घेऊन हजर झाला.

“ताई, माती फेकू नका,” ती म्हणाली. “पाणी सोडा, वाफशावर येऊ द्या. वीतभर खणू, शेणखत अन् भरड रेती मिसळू, घरापासून उतार देऊ. गवत पावसाळ्याच्या तोंडावर.”

“तवापर्यंत मॅडमनं गॅलरीतच बसायचं का?” प्रीतम हसला. “बारा वर्षं झाली मले या धंद्यात. मातीतच खोट आहे.”

पुष्पलताबाई एकदा त्याच्याकडे बघत, एकदा हिच्याकडे. गेटबाहेर टिप्पर घुरघुरत होता. मी कुणाला भीत नाही, पण तेव्हा भ्याले. बाबांनो, माझा एक थर व्हायला शेकडो वर्षं लागतात अन् फेकायला एक दुपार पुरते. फेकण्याआधी एकदा मुठीत तरी घेऊन बघा.

रंभाबाई आता वाद घालीना. भिंतीजवळ, जिथं पाइपचं पाणी पोचतच नव्हतं, तिथला वाळका गालिचा तिनं ओढून काढला आणि खालचं एक ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं. त्यावर बुटाचा ठसा होता. तळव्याला नागमोडी नक्षी, टाचेचा एक कोपरा उडालेला. ओली असताना माझ्यावर उमटलेलं मी असं जपून ठेवते.

प्रीतमनं उजवा पाय हळूच मागं घेतला. पुष्पलताबाईंनी ते पाहिलं.

रंभाबाईनं ढेकूळ त्याच्यापुढं फरशीवर ठेवलं.

“घाल पाय यात,” ती म्हणाली, “माप बसलं तर टिप्पर रिकामा ने.”