थोरलीच्या पाठीचा इलाज

थोरल्या सुनेची पाठ धरली तेव्हा घरात तिन्ही भावांची बैठक बसली. साधा दिवा बदलायचा म्हटला तरी एकमेकांकडे बोट दाखवणारे हे तिघे, पण बैठकीला कुणी कमी नाही. पाठ का धरली, हे काही गुपित नव्हतं. सासूबाईंचे पाय गेल्यापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि परत पलंगावर थोरलीच एकटी उचलत होती. मधल्याची बायको नोकरीवाली, धाकट्याचं अजून जमायचं होतं. आणि आईला मुलांसमोर संकोच वाटतो, असं तिघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आईला कुणी विचारलं नव्हतं.

धाकट्याने फोनवर शोधाशोध केली. तेल चोळणारी कुणीही नको, रीतसर शिकलेली, प्रमाणपत्र असलेली मसाज थेरपिस्टच हवी, यावर एकमत झालं. तिघांनी वर्गणी काढून सहा वेळचे पैसे आगाऊ भरले. "वहिनी, पैशाकडे बघायचं नाही," असं मधला म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांनाही ऐकवून आला.

थेरपिस्ट घडीचं टेबल घेऊन आली. पण थोरलीला त्यावर झोपवण्याआधी तिने तिला वाकायला लावलं, वळायला लावलं, जुनी दुखणी विचारली.

"ताई, वजन उचलता का?"

"सासूबाईंना उचलते."

"मदतीला कोण असतं?"

"आम्ही असतो की घरात," नवरा दारातून म्हणाला.

घरात असतात हे मात्र खरं होतं.

"मी पाठ मोकळी करीन," थेरपिस्ट म्हणाली, "पण उद्या परत एकटीने उचललंत, तर ती पुन्हा धरणार."

"मग आम्ही पैसे कशाचे भरले?" मधला फणकारला. "ही फसवणूकच झाली."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला उचलायला नको म्हणून पैसे टाकून मोकळे झाले, आणि वर फसवलं म्हणून हेच गळा काढतायत! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"बाई, माणसाला कसं उचलायचं ते तुम्हाला शिकवता येतं?" तिने विचारलं.

"येतं की. स्वतःची पाठ सांभाळून कसं उचलायचं, ते आम्हाला आधी शिकवतात."

"मग माझी पाठ नंतर. आधी या तिघांना शिकवा. पैसे त्यांचेच आहेत."

"अहो वहिनी, पण आईला संकोच..." मधला म्हणाला.

"चला भाऊजी, त्यांनाच विचारू."

आत पलंगाशी तिघे रांगेत उभे राहिले. गुडघे वाकवा, आईंना अंगाशी घ्या, हाताला धरून ओढू नका, असं थेरपिस्ट सांगत गेली. नवऱ्याने आईला उचलून खुर्चीत बसवलं आणि धापा टाकत म्हणाला, "जड आहेस गं आई तू."

"आई, यांनी उचललं तर तुम्हाला संकोच वाटतो का?" थोरलीने विचारलं.

"संकोच कसला? तिघांना न्हाऊमाखू घातलंय मी." म्हातारीने एकेकाकडे पाहिलं. "मला वाटायचं, माझी तुम्हाला किळस येते."

धाकटा उगाच चादर नीट करत राहिला.

थोरली बाहेर आली आणि टेबलावर पालथी झोपली.

"दार जरा उघडं राहू द्या बाई," ती थेरपिस्टला म्हणाली. "आईंनी हाक मारली की कोण उठतं, ते मला ऐकायचंय."