माझ्या भिंतीतली वस्ती

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. पाण्याचा मात्र नाही. आफ्रिकेतल्या लेसोथोच्या डोंगरात, ओढ्याकाठच्या लाल मातीतून मी घडलो आणि गोवऱ्यांच्या आचेत भाजलो गेलो. कुंभारणीने मला बाहेरून घोटून गुळगुळीत केले, आतून मात्र मुद्दाम खरखरीत ठेवले. मला न्यायला आलेल्या बाईला ती म्हणाली, "ही आतली खरखर जप हं. बिअर हिच्यात राहते."

त्या बाईचे नाव माखोपोत्सो. मुलगी खोपोत्सो, म्हणून आई माखोपोत्सो. तिने माझ्यात ज्वारीची पातळ पेज ओतली, मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचे पीठ आणि फुटलेल्या जुन्या माठातले थोडे विरजण कालवले आणि वर घोंगडी टाकली. तिसऱ्या दिवशी मी आतून बुडबुडू लागलो. डोळ्यांना न दिसणारे जीव माझ्या बारीक छिद्रांत राहायला आले होते. पेज आंबवून तिची बिअर करणारे तेच. खेप संपली की माखोपोत्सो मला गार पाण्याने आणि मूठभर गवताने हलकेच पुसून घेई. माझी वस्ती भिंतीतच राही आणि पुढच्या खेपेला पुन्हा कामाला लागे.

माखोपोत्सोला एकाच चवीचा कंटाळा असे. कधी ती करपवलेली ज्वारी घाली, कधी डोंगरातला रानपुदिना, कधी वाळवलेले पीच. भोपळा घातला तेव्हा शेजारचे लेबुसाबाबा ओरडले, "अगं, उद्या मेंढी घालशील त्यात!"

"मेंढी चुलीवर आहे, बाबा. तुमच्या त्या बिअरमध्येच शिजतेय."

तळाचा गाळही वाया जात नसे. तो पिठात मळून ती पाव वाफवी. तो पाव इतका फुगे की झाकण उचलले जाई. मासेरूच्या कारखान्यात शिलाईला लागलेली खोपोत्सो सुट्टीला आली की परतताना गाळाची एक बाटली घेऊन जाई. शहरातल्या खोलीत तिला तसाच पाव लागे.

बिअर तयार झाली की आमच्याकडे दारापुढच्या काठीवर पांढरे फडके चढते. माखोपोत्सोचा नेम ठरलेला होता. आधी चव, मग झेंडा. लोक आपापले पत्र्याचे मग घेऊन येत. लेबुसाबाबा पहिला घोट घेत आणि दर वेळी म्हणत, "पीच जरा जास्त पडलंय, बाई." बिअरमध्ये पीच नसले तरीही. तरी तीन मग रिचवूनच घरी जात.

एका सुट्टीत आई शेतावर गेली असताना खोपोत्सोने मला उन्हात ओढले. माझा आंबूस वास तिला नकोसा झाला असावा. आईचे काम हलके व्हावे म्हणून तिने मला कढत पाणी आणि साबणाच्या पुडीने अगदी तळापर्यंत घासले. मित्रांनो, तिने ते मायेने केले. माझी वस्ती मात्र एका दुपारीत गेली.

माखोपोत्सोने नेहमीप्रमाणे पेज ओतली. तिसऱ्या दिवशी खोपोत्सोची दुपारची बस होती. लेकीने भरलेले अंगण पाहून जावे, म्हणून माखोपोत्सोने आयुष्यात प्रथमच चव न घेता झेंडा चढवला.

लेबुसाबाबांनी घोट घेतला आणि थुंकला. "बाई, हे काय? कुणाचं धुणं पिळलंस यात?"

सगळे हसले. माखोपोत्सोने त्यांचा मग हातात घेऊन वास घेतला. लेकीकडे पाहिलेदेखील नाही.

"माझाच हात चुकला," ती म्हणाली.

खोपोत्सो पिशवी उचलून निघाली. तशीच बसमध्ये बसली.

त्यानंतर चार वर्षे मी पीचच्या झाडाखाली पालथा होतो. पाठीवर कोंबड्या बसत. दरवर्षी बहर येई आणि पाकळ्या माझ्या बुडावर वाळून जात. माखोपोत्सो येता-जाता बोटाच्या पेराने मला टक् करून वाजवी, उत्तराची वाट पाहिल्यासारखी क्षणभर थांबे आणि पुढे जाई. शेजारणीकडून विरजण मिळाले असते, पण त्याची चव शेजारणीच्या घरची असती. एकटीपुरता पाव ती आता न आंबवताच भाजी. फोनवर मायलेकी पाऊसपाण्याबद्दल बोलत. पुढे तेही कमी झाले. त्याच पावसाने हळूहळू माझ्या छिद्रांतला साबण धुऊन नेला. पण रिकाम्या भिंतीला वास नसला तरी ती रिकामीच असते.

मग एका थंडीच्या दुपारी खोपोत्सो आली. तिच्या घोंगडीत एक बाटली गुंडाळलेली होती.

"आई, तेव्हा माठ मी धुतला होता."

"ठाऊक आहे. गुलाबाच्या वासाचा साबण या गावात दुसऱ्या कुणी आणला होता का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

खोपोत्सोने डोळे पुसले आणि बाटली पुढे केली. "हे तुझंच आहे. माठ धुतला त्याच्या आधीच्या वर्षी इथून नेलेलं विरजण. दर आठवड्याला पीठ घालून जगवलं. पाव करत राहिले, पण इकडे यायला तोंड नव्हतं."

झाकण उघडताच बाटली फसफसली. माखोपोत्सोने एक थेंब जिभेवर ठेवला आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. मग तिने मला सुलटे केले.

तिसऱ्या दिवशी मी बुडबुडलो. आधी आईने चव घेतली, मग लेकीने आणि मगच झेंडा चढला. संध्याकाळपर्यंत दोघी वाट पाहत बसल्या. तरुण माणसे दूरच्या खाणींवर गेली होती आणि बरीच म्हातारी माणसे टेकडीवर, थडग्यांच्या दगडांखाली. शेवटी काठी टेकत लेबुसाबाबा तेवढे आले. त्यांनी आपला मग भरून घेतला आणि घोट घेतला.

"पीच जरा जास्त पडलंय, बाई."

माखोपोत्सो हसली. नंतर तिने तोंड फिरवून माझ्या काठावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा तिच्यात कोण राहते ते आधी विचारा. आणि चूक झालीच, तर लगेच सांगून टाका. माझी वस्ती एका बाटलीतून परत आली. पण अंगणात मी अजून बाकीच्या मगांची वाट पाहतो, आणि ते काही येत नाहीत.