घड्याळातून आलेली माणसं

कासव खुर्चीतून उठला, तेव्हाच मी समजले की काहीतरी घडलंय. आमच्या प्रोग्रॅमरला आम्ही कासव म्हणतो ते तो सावकाश काम करतो म्हणून नाही, जागचा हलत नाही म्हणून. चहासुद्धा त्याच्याकडे चालत जातो. तो माणूस उठून माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने विचारलं, "चाचणी नावाची लिंक तू बनवली होतीस?"

मी हो म्हटलं.

"आजही तिच्यावरून माणसं येताहेत. आणि आलेली जात नाहीयेत."

आमचं ॲप लोकांना गोळ्या घ्यायची आठवण करून देतं. ते ज्यांच्या फोनमध्ये गेलं ते लोक कुठून आले, हे शोधणं माझं काम. पद्धत साधी आहे. प्रत्येक जाहिरातीला वेगळी लिंक द्यायची, प्रत्येक लिंकला नाव ठेवायचं. माणूस ज्या लिंकवरून येईल तिचं नाव त्याला चिकटून येतं. लग्नघरात अनोळखी पाहुणा दिसला की मुलाकडचा की मुलीकडचा हे विचारून घेतात, तसंच आहे हे.

गेले कित्येक आठवडे मला एकाच प्रश्नाने पछाडलं होतं. जाहिराती बघून आलेले लोक आठवडाभरात ॲप काढून टाकत. टिकणारी माणसं होती आणि वाढतही होती, पण ती सगळी 'मूळ अज्ञात' नावाच्या ढिगात पडत होती. शुक्रवारी मालकांबरोबर बैठक होती. आमच्या वरिष्ठ मॅडमनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की टिकणारी माणसं कोण आणि कुठून येतात हे दाखवता आलं नाही, तर ॲप बंद होईल आणि आमची रवानगी फोटोतल्या माणसाला मांजराचे कान लावणाऱ्या ॲपवर होईल. कासवाला त्याचंही फारसं दुःख नव्हतं, त्याला मांजरं आवडतात. मला होतं. हे ॲप मला बाबांच्या गोळ्यांवरून सुचलं होतं. गावभरची घड्याळं दुरुस्त करणारा तो माणूस स्वतःची दुपारची गोळी हमखास चुकवायचा.

चाचणीची लिंक अहवालात का दिसत नव्हती, त्याचं कारण आम्हीच होतो. नावात 'चाचणी' असलेली प्रत्येक लिंक मोजणीतून वगळायची, असा नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात लावला होता आणि विसरून गेलो होतो. कासवाने कंटाळून तो नियम काढला, आणि अज्ञातांचा अख्खा ढीग त्या एका लिंकखाली जाऊन उभा राहिला.

मी पडद्याकडे बघत राहिले. बरेच महिने आडवी पडलेली आलेखाची रेघ एका जागी मान वर काढत होती आणि तिथून चढतच गेली होती.

ती लिंक मी एकाच माणसाला पाठवली होती. काम करते का बघायला म्हणून, बाबांना. त्यांचं उत्तर आलं होतं, "बघतो." त्यानंतर त्यांनी ॲपचा विषय कधी काढला नाही, मीही काढला नाही. सात महिन्यांपूर्वी बाबा गेले. रेघ वर चढायला लागली ती त्याच सुमाराला.

हे मी कासवाला सांगितलं. तो म्हणाला, मॅडमना बोलवू या.

मॅडमना पहिली शंका आली ती लबाडीची, आणि ती रास्तच होती. आमच्या धंद्यात खोटी माणसंही असतात. आकडे फुगवायला कुणीतरी एका खोलीत मांडण्यांवर शेकडो फोन लावून ठेवतं आणि ॲप घालतं, काढतं. हे असलं काही निघालं तर शुक्रवारी तोंड उघडू नका, म्हणजे निदान अब्रू तरी राहील, असं त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून आमच्या मध्येच बसल्या.

त्या दुपारी आम्ही तिघं एका पडद्याला नाकं लावून बसलो होतो. नावं आम्हाला दिसत नाहीत, वागणं दिसतं. खोट्या फोनांचं वागणं एकसारखं असतं, कवायतीतल्यासारखं. हे लोक तसे नव्हते. कुणी अक्षरं मोठ्यात मोठी करून घेतली होती. कुणी सकाळची गोळी आठला लावली, मग साडेआठला, मग पुन्हा आठला. एकाच गोळीचं नाव प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने चुकवलं होतं. एकाने गोळीच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'ती पिवळी'.

"ही खरी माणसं आहेत," कासव म्हणाला. "यंत्राला इतका गोंधळ जमायचा नाही."

मॅडम हसल्या, पण लगेच बोट उगारून म्हणाल्या, खरी आहेत हे मान्य, आता कुठून आली ते सांगा. जाहिरात नाही, कुणाची शिफारस नाही, लिंकच्या आधीचं कुठलं पान नाही. जणू भिंतीतून निघून आली होती.

यातल्या एका माणसाने मदतीसाठी आम्हाला फोन करायला सांगितलं होतं. ती विनंती दोन दिवस तशीच पडून होती. मी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

पलीकडे एक आजोबा होते, निवृत्त बसचालक. आधी त्यांनी मला उशिराबद्दल फैलावर घेतलं. मग त्यांची अडचण कळली. गोळीची घंटा वाजली की घरातला पोपट तशीच घंटा वाजवतो, आणि खरी कुठली ते कळत नाही. मी त्यांना आवाज बदलून दिला. पोपट तोही शिकेल, असं ते म्हणाले. कासव तोंडावर हात ठेवून वळला. मी विचारलं, आजोबा, आमचं ॲप तुम्हाला कुठून मिळालं?

"घड्याळातून."

"हातातल्या? फोनला जोडतात त्या?"

"अहो नाही, भिंतीवरच्या. बंद पडलं म्हणून सेल बदलायला काढलं. मागचं झाकण उघडलं तर आत चिठ्ठी, त्यावर तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन. नातीने त्याच्यावर फोन धरला, आणि तुम्ही आलात."

दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या आत तारखेची चिठ्ठी डकवायची, ही बाबांची जुनी रीत. पुन्हा कुणी उघडलं तर आधीचा हात कधी लागला होता ते कळावं म्हणून.

"तारीखही असेल ना चिठ्ठीवर?" मी विचारलं.

"आहे की. तुम्हाला कसं कळलं? त्याचं दुकान आता बंद आहे, गेला म्हणतात तो. हात सोन्याचा होता हो. तोंडाने मात्र फटकळ."

"हो," मी म्हटलं. "फटकळ होते खरे."

"ओळखत होता तुम्ही?"

"थोडंफार."

मी फोन ठेवला. मग कासव एकदम टेबलावर थाप मारून उभा राहिला, एका दिवसात दुसऱ्यांदा. रेघेचा आकार त्याने माझ्याआधी वाचला होता. घड्याळाचा सेल वर्षभर चालतो, कधी थोडा जास्त. बाबांनी चिठ्ठी आज डकवली तर ती उघडणार पुढच्या वर्षी. म्हणून आधी बरेच महिने काहीच नाही, आणि आता एकामागून एक. गावभर भिंतींवर सेल संपत होते, झाकणं उघडत होती, आणि माणसं आमच्याकडे येत होती. आम्ही दोघं वेड्यासारखे तारखा मांडत सुटलो. प्रत्येक तारीख जुळत होती. मॅडमनी स्वतः उठून आम्हाला चहा आणून दिला, हेही त्या इमारतीत प्रथमच घडलं.

मी आईला फोन केला.

"तुला माहीत नव्हतं?" आई म्हणाली. "शेजारच्या छापखान्यातून तो चौकोन छापून आणायचे. डिंक मीच लावायचे की."

मी विचारलं, मग बाहेर, दुकानाच्या काचेवर का नाही लावलं?

"मी हजारदा म्हटलं. तर म्हणे, दुकान घड्याळांचं आहे, मुलीच्या कौतुकाचं नाही. लोक हसतील. म्हणून आत लावायचे, चोरासारखे. आणि मला दम भरलेला, तिला सांगायचं नाही. डोक्यावर चढेल."

आई हसली. मग तिने विचारलं, जेवलीस का. मी खोटंच हो म्हटलं.

शुक्रवारी मी मालकांपुढे उभी राहिले. पोपटाची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले, रेघ दाखवली तेव्हा पुढे झुकले. मग त्यांच्यातल्या सगळ्यात गप्प बसणाऱ्या बाईंनी नेमकं विचारलं, ही रेघ अशी किती दिवस चढेल?

याचं उत्तर मला दोन दिवस माहीत होतं. "पुढचे चार-सहा महिने," मी म्हटलं. "नंतर थांबेल. चिठ्ठ्या लावणारे आता नाहीत. ते माझे वडील होते."

रेघ थांबेल हे मॅडमनाही मी सांगितलं नव्हतं. त्यांनी समोरची पेन्सिल नीट सरळ करून ठेवली. मग मी उरलेलं सांगितलं. आलेली माणसं राहताहेत, आणि त्यातली बरीच आता आपल्या बहिणीला, शेजाऱ्याला घेऊन येताहेत, त्यांची रेघ वेगळी आहे आणि ती थांबणारी नाही.

ॲप राहिलं. मांजराचे कान दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला गेले. कासवाने लिंकला नवं नाव काय देऊ म्हणून विचारलं. मी म्हटलं, 'घड्याळवाले' दे.

त्यानंतर महिन्याभराने, सकाळी कामावर जाऊन बसते तोच आईचा फोन आला. तिचा श्वास लागलेला होता. "स्वयंपाकघरातलं थांबलं," ती म्हणाली. मी घाबरले, मग उमगलं, घड्याळ थांबलं होतं. तिला मी आधीच ॲप घालून देऊ म्हणाले होते, डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केल्यापासून. तिने साफ नकार दिला होता. माझ्या वेळेला येईन, म्हणाली होती.

"स्टुलावर चढू नकोस," मी म्हटलं.

"चढून उतरलेसुद्धा. उघडलंय. आहे गं, चिठ्ठी आहे. तारीख आहे. आता काय करू?"

फोन चौकोनावर धर, हलवू नकोस, असं मी सांगत गेले. मागे ताट वाजल्याचा आवाज झाला, बहुधा तिने घड्याळ ताटावर ठेवलं होतं. मी 'घड्याळवाले' उघडून बसले. कासव खुर्चीसकट सरकत माझ्या शेजारी आला. आकडा कालच्याइतकाच होता. आम्ही बघत राहिलो.

मग तो एकाने वाढला.

"आले का गं मी तिकडे?" आईने विचारलं.

"आलीस," मी म्हटलं.