मुखरूची विधवा

बायको शकुबाई गेल्याचं कळलं त्या दिवशी मुखरू तळ्याच्या पाळीवर फाटलेलं जाळं सांधत बसला होता. फौजदार पायीच आले. त्यांच्यामागे डोक्यावर गाठोडं घेतलेली एक माडिया बाई होती. फौजदारांनी टोपी काढली आणि मुखरू समजला.

"शेठ सापडला," फौजदार म्हणाले. "तिच्यामुळेच सापडला. पण तिला नाही वाचवू शकलो."

मुखरूने जाळं गुंडाळलं. "घरी चला, साहेब. इथी गाव आयकते."

आदल्या साली शकुबाईचा भाऊ लटारू, जंगलचा चौकीदार, एटापल्लीकडे कुऱ्हाडीने मारला गेला होता. चोरीचं सागवान काढणाऱ्या टोळीने मारला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टोळीचा शेठ कोण, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. तो हंगामात एकदाच टोळीच्या जंगलातल्या तळावर यायचा, बोकडाचं जेवण असेल त्या दिवशी. टोळीला सैपाकाला बाई लागायची आणि मुकादम विधवाच ठेवायचा, म्हणजे मागून कोणी विचारत येत नाही. विधवा बनून तिथे सैपाकाला जाशील का आणि शेठ आला की खूण देशील का, असं फौजदारांनी शकुबाईला भीत भीतच विचारलं होतं. तिने लगेच हो म्हटलं.

निघायच्या दिवशी बांगड्या फोडायला तिने वरवंटा मुखरूच्या हाती दिला. त्याचा हात उचलेना.

"मी जित्ता आहो ना, शकू."

"मले मालूम आहे ना. त्यायले थोडीच सांगाचं आहे?" म्हणून तिने वरवंटा काढून घेतला आणि स्वतःच फोडल्या. कुंकू पुसलं. गावात सांगितलं, बहिणीकडे चालली.

आता घरात फौजदारांसोबतची बाई बोलू लागली. तिचं नाव मंगली. ती त्याच तळावर पाणी भरायची. मुखरू हा शकुबाईचा दीर असावा, असं तिला वाटलं होतं.

"मुकादम लय वांड माणूस. पहिल्याच दिवशी बाईले म्हणे, नवऱ्याचं नाव सांग."

"मी तिला 'डोमा' असं खोटं नाव शिकवून ठेवलं होतं," फौजदार मधेच म्हणाले.

"बाई चुलीतच पाहात राह्यली. मुकादम हासला. म्हणे, काऊन व, मेलेल्याची लाज वाटते? मंग बाई जोरानं बोलली. मुखरू! नदीत बुडून मेला. अजून काई पायजे?"

मुखरूने मान वर केली. लग्न झाल्यापासून तिने त्याला 'अवो' म्हणूनच हाक मारली होती. त्याचं नाव तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"मी ढिवर माणूस, जलम मासे धरण्यात गेला," तो म्हणाला, "अन् नदीत बुडून मेलो?" आणि त्याला हसू आलं. हसता हसताच डोळे भरले.

मंगलीने पदर तोंडाशी नेला. "अगा माय! तुमी मुखरू?"

"मंगली, हे बाहेर बोलायचं नाही," फौजदार म्हणाले. मग मुखरूकडे वळून, "शिकवलेलं नाव का नाही घेतलं तिने? केवढा धोका होता."

"परक्याचं नाव नवरा म्हणून शकू काऊन घेईन, साहेब?" मुखरू म्हणाला. "तुमीच चुकीचं शिकवलं."

पुढचं मंगलीने खाली बघत सांगितलं. शेठ जेवायला बसला तेव्हा शकुबाईने चुलीत ओला पाला कोंबला. डोंगरावरच्या पोलिसांना तीच खूण होती. मुकादम ओरडला, काय धूर करून राह्यली? ती म्हणाली, ओली लाकडं तुमीच आणता अन् मलेच बोलता. पोलीस खाली उतरले तेव्हा मुकादमाला सगळं उमगलं. त्याने तिथल्या तिथे कुऱ्हाड घातली आणि एका साथीदारासोबत पळाला.

"तिथीच मातीत ठेवली तिले," मंगली म्हणाली. "मोकळ्या हातानं, बांगड्या न भरता. आमाले काय मालूम, भाऊ, तुमी जित्ते हा म्हणून."

"ते दोघं सापडेपर्यंत तिकडे जाऊ नका," फौजदारांनी बजावलं. "तुम्ही जिवंत आहात हे त्यांना कळता कामा नये."

शेठला चांद्याच्या कचेरीत आणलं त्या दिवशी मुखरू गर्दीत उभा होता. शेजारचा एक गाडीवान सांगत होता, एवढा मोठा माणूस एका विधवा सैपाकणीनं धरून देल्ला.

"नवरा कोण होता तिचा?" मुखरूने विचारलं.

"कोणी मुखरू. बुडून मेला म्हणते."

"नशीबवान होता," मुखरू म्हणाला आणि छाती काढून उभा राहिला.

परतताना त्याने कासाराकडून हिरव्या बांगड्या घेतल्या. त्या फडक्यात बांधून घरात टांगलेल्या आहेत. मुकादम आणि त्याचा साथीदार अजून सापडलेले नाहीत. शकुबाईच्या मातीवर बांगड्या ठेवायच्या राहिल्या आहेत.