सुचेताबाईंचं बिरडं

रविवारच्या पुरवणीत माथेरानवर पानभर मजकूर आला होता. डोंगरावर आता काय काय खायला मिळतं, त्याचा. लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा, तिबेटी मोमो, पारशी धनसाक, राजस्थानी थाळी, कुणा कोरियन पदार्थाचा फोटो. आमच्या वेळी बाजारपेठेत मोजून पाच ठिकाणं होती आणि त्यांतली दोन फक्त चहाभजीची. मी चष्मा पुसून सगळं वाचलं. सातव्या नंबरावर एका नव्या रेस्टॉरंटचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'इथलं सुचेताबाईंचं बिरडं अजिबात चुकवू नका.'

सुचेताबाई म्हणजे मी.

माथेरानला स्टेशनच्या मागच्या गल्लीत बत्तीस वर्षं आमची खाणावळ होती. चार टेबलं, सोळा खुर्च्या. गल्ल्यावर आमचे हे, हरिभाऊ, आणि आत मी. हे गेले आणि खाणावळ बंद करून मी खाली कर्जतला आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. आमच्या वालाच्या बिरड्यासाठी मुंबईची माणसं घोड्यावरून उतरून, तशीच लाल धुळीच्या पायांनी जेवायला येत. कुणी विचारलं, बाई, ह्याला वास कसला येतो हो, तर मी सांगायची, सासूबाईंची पद्धत आहे.

सासूबाईंनी तसं बिरडं कधीच केलं नव्हतं. ते बायजाचं होतं.

बायजा कळंबची. नवरा माथेरानला घोडे हाकायचा, म्हणून तीही वर आली आणि खाणावळीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे कामाला लागली. एका थंडीत तिने गावाहून भांबुर्डीचा पाला आणला. आमच्याकडे शेतावर पोपटी लावतात तेव्हा मडक्यात वालाच्या शेंगांखाली घालतात, तोच पाला. मला न विचारता तिने तो पातेल्याच्या तळाशी अंथरला, वर सोललेले वाल ठेवले आणि झाकण घालून वाफ काढली. मी चिडले. शेतातलं गवत माझ्या भांड्यात कशाला, म्हणाले. पण त्या दिवशी चारही टेबलांवरून पुन्हा वाटी मागितली गेली. दुसऱ्या दिवशी मीच तिला विचारलं, पाला उरलाय का गं?

एवढंच. तिचं नाव घ्यायचं राहून गेलं. पहिल्यांदा राहिलं, मग राहिलेलंच बरं वाटायला लागलं.

हे बिरडं दोनच माणसांना करता येत होतं. त्यामुळे पुरवणीत माझं नाव छापून आलं, ते बायजाच्या तोंडूनच गेलेलं असणार. तिनं ते चेष्टेनं दिलं की रागानं, हे मला कळेना. खाणावळ बंद करून निघताना मी तिला म्हटलं होतं, महिन्याभरात भेटायला येते. कर्जत ते माथेरान, अंतर ते किती? मी गेलेच नाही. आधी दुःख होतं, मग गुडघे, मग इतके दिवस झाले की जायची लाज.

बुधवारी गेले. यज्ञेशला, म्हणजे पुण्यातल्या माझ्या मुलाला, फोनवर म्हटलं, जरा माथेरानला जेवून येते. तो म्हणाला, "एकटी? अगं, कुणाला तरी घेऊन जा." कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

नेरळहून टॅक्सीनं दस्तुरी नाका, तिथून छोट्या आगगाडीनं वर. स्टेशनबाहेर उभी राहिले तर ओळखीचं असं फक्त घोड्यांच्या लिदीचा वास आणि पत्र्यावर नाचणारी माकडं. आमची खाणावळ होती तिथे आता चॉकलेट चिक्कीचं दुकान आहे. मी आत गेले नाही.

रेस्टॉरंट छान होतं. जांभळीच्या झाडांखाली गादीच्या खुर्च्या. मॅनेजर एक तरतरीत मुलगी, छातीवर नावाची पट्टी: अक्षदा. तिनं विचारलं, "किती जण, आजी?"

"एकच."

तिनं समोरचं दुसरं ताट, वाटी, पेला, सगळं भराभर उचलून नेलं. ते बरोबरच आहे, टेबल मोकळं करावं लागतं. मीही खाणावळीत असंच करायची. पण समोरची जागा अशी रिकामी होताना बसून कधी बघितली नव्हती.

बिरडं आलं. पितळेच्या लहान कढईत, वर ओलं खोबरं आणि झाकण. मी झाकण काढलं आणि खायची गरजच उरली नाही. वाल अख्खे, मऊ, एकाचीही डाळ मोडलेली नाही आणि तळातून तो शेताचा वास. तरी खाल्लं. सगळं खाल्लं. दोन तांदळाच्या भाकऱ्या मी कित्येक महिन्यांत खाल्ल्या नव्हत्या.

"कसं होतं, आजी?"

"कोण करतं हे?"

"आमच्या बायजा आजी. पण रेसिपी त्यांची नाही हं, त्या जिथे आधी काम करायच्या त्या बाईंची आहे. खूप जुनी, पारंपरिक."

"मीच ती," मी म्हटलं.

अक्षदानं तोंडावर हात घेतला. मग तिनं माझ्याबरोबर एक फोटो काढला आणि मला हाताला धरून मागे स्वयंपाकघरात नेलं.

बायजा ओट्याशी पाठमोरी उभी होती. डोक्याला प्लास्टिकची टोपी, अंगात काळा एप्रन, खाली नऊवारी. वाळली होती. अक्षदा ओरडली, "आजी, बघा कोण आलंय!"

बायजानं वळून बघितलं. हातातला डाव तिने आधी नीट पातेल्यावर आडवा ठेवला.

"आल्या," ती शेजारच्या बाईला म्हणाली. "सुनिता, बोलले हुते ना तुला? आल्या बघ."

"बायजा, कशी आहेस गं?"

"म्या बरी हाय. तुमी म्हाताऱ्या झालात की वो, बाई."

"तू काय तरणी राहिलीस?"

"माझं दात हायेत अजून सगळं," ती म्हणाली आणि दाखवले. सुनिता हसायला लागली. बायजाच्या डोळ्यांत मात्र काही दिसेना, राग नाही, चेष्टाही नाही. ती पुन्हा पातेल्याकडे वळली, कारण तीन नंबरच्या टेबलाची ऑर्डर आली होती.

मी म्हटलं, "बायजा, चल ना बाहेर. माझ्यासमोर बस. मी पुन्हा मागवते, दोघी जेवू."

"बाहेर?" तिनं अक्षदाकडे बघितलं.

अक्षदा ओशाळली. "आजी, तसं नाही करता येत. स्टाफनं गेस्टच्या टेबलावर बसायचं नाही, मालकांचा नियम आहे. सगळ्यांनाच आहे, मलासुद्धा. स्टाफ चार वाजता मागच्या पायरीवर जेवतो."

"ऐकलंत ना बाई? नेम हाय," बायजा म्हणाली. आवाजात काहीसुद्धा नव्हतं.

आमच्या खाणावळीतही नियम होता. बायजाचं ताट वेगळं होतं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, काठाला चेपलेलं, मागच्या पडवीत कोनाड्यात पालथं ठेवलेलं. चहाचा पेलाही तिथेच. तो नियम मी घातला नव्हता, सासूबाईंच्या घरातून आला होता, असं मी मनाला सांगत आले. पण सासूबाई माथेरानला कधी राहिल्याच नाहीत. बत्तीस वर्षं तो नियम रोज मीच पाळला. रोज सकाळी आम्ही दोघी एका परातीभोवती समोरासमोर बसून वाल सोलायचो. एकाच कोमट पाण्यात तिचे हात आणि माझे हात. मग त्याच हातांनी ती स्वयंपाक करायची, तो सगळे जेवायचे, मी जेवायची, आणि ती आपलं जर्मनचं ताट घेऊन पडवीत जायची.

मी चार वाजेपर्यंत थांबले. मागच्या दाराबाहेर दगडी पायऱ्या होत्या, तिथे कांद्याची पोती होती. चार वाजता सगळे ताटं घेऊन आले. सुनितानं मला खुर्ची आणून दिली. बायजा सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली, स्टीलचं ताट मांडीवर घेऊन.

मी खुर्चीवरून उठायला लागले.

"काय करता बाई?"

"खाली बसते. तुझ्याजवळ."

"आनि उठवनार कोन? हितं मानसं कमी हायेत. बसा वर गप."

माझे दुखरे गुडघे तिनं मी पायऱ्यांपाशी येतानाच बघितले होते. खरं होतं, बसले असते तर उठता आलं नसतं. मी खुर्चीवरच राहिले. तिच्या टोपीतून सुटलेले पांढरे केस मला वरून दिसत होते. तिनं मला जेवणार का विचारलं नाही. मी जेवल्याचं तिला ठाऊक होतं. ती खाली मान घालून जेवत राहिली आणि बाकीचे मोबाइल बघत जेवत राहिले.

जेवून सगळे आत गेल्यावर मी म्हटलं, "बायजा, ते बिरडं तुझं होतं. मी लोकांना सासूबाईंचं सांगायची."

"म्हाईत हाय."

"तुला कळलं होतं?"

"मदी एक भिंत तर हुती. तुमचा आवाज काय बारीक हुता व्हय?" ती ताट विसळत होती. "पयल्यांदा लई राग आला मला. दोन दिस तुमच्याशी बोलले नव्हते. तुमाला वाटलं, दाढ दुखतीया."

मला ती दाढ आठवली. मी तिला लवंग दिली होती.

"मग इथे तुझंच नाव का नाही दिलंस?"

बायजानं हात एप्रनला पुसले. "अक्षदा बोलली, पेपरात छापून येनार. म्हनलं, बायजाचं बिरडं छापलं तर कोन येनार हाय? तुमचं छापलं तर तुमी तरी याल. चौदा वर्सं झाली, बाई. म्या म्हनलं, जित्या हायेत का नाय ते तरी कळंल."

मी अक्षदाला हाक मारली. ती आल्यावर म्हणाले, "मेनूकार्डावरचं नाव बदला. ते बायजाचं बिरडं आहे. पहिल्यापासून तिचंच."

अक्षदाला वाटलं, दोन म्हाताऱ्या एकमेकींना मोठेपणा देताहेत. ती गोड हसली. "आजी, कार्डं ह्या सीझनची छापून झालीत."

"नगं बदलू गं," बायजा म्हणाली. "नाव काढलं तर ह्या परत यायच्या नाय."

अक्षदा हसत आत गेली. बायजा हसली नाही.

मग तिनं सुनिताला हाक मारून परात आणायला लावली. दुसऱ्या दिवसाचे वाल मोड आणून कोमट पाण्यात टाकलेले होते. तिनं परात खालच्या पायरीवर न ठेवता मधल्या पायरीवर दोन विटा लावून उंच केली, माझ्या खुर्चीपासून हात पोचेल अशी, आणि पलीकडे स्वतः उभी राहिली.

"हात रिकामं हायेत ना?"

मी बांगड्या वर सारल्या. कर्जतला आल्यापासून मी घरी बिरडं केलेलं नव्हतं. वाल सोलायला एकटीनं बसवत नाही. अंगठा आणि बोट दाबलं की साल मागे राहतं आणि वाल पाण्यात सटकतो, हे हात विसरले नव्हते, पण मंद झाले होते. माझे पाच होईपर्यंत तिचे वीस होत. तिनं सांगितलं की नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, मुलगा वाल्मिक घोडे ठेवतो, ती त्याच्याकडेच असते. यज्ञेशचं काय म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, पुण्याला आहे, बरा आहे.

"येतो का?"

"दिवाळीला येतो."

तिनं मान हलवली आणि माझ्या बाजूला साठलेली सालं हातानं ओढून घेतली.

साडेपाचला शेवटची गाडी होती. मी निघताना बायजा संध्याकाळच्या गिऱ्हाइकांची तयारी करत होती, तिला दारापर्यंतही येता आलं नाही. आतूनच म्हणाली, "बुधवारी असतं सोलायचं काम. आलात तर या. नाय तर सुनिता हायच."

स्टेशनपर्यंत एकटीच चालत आले. बाजारात दिवे लागत होते, प्रत्येक हॉटेलाबाहेर एक माणूस कार्ड घेऊन उभा होता आणि तो मला नाही, माझ्या मागून येणाऱ्या जोडप्याला हाक मारत होता.

घरी आल्यावर यज्ञेशचा फोन आला. "पोचलीस ना? कसं होतं जेवण?"

"चांगलं होतं. बायजा भेटली."

"बायजा? हां, आपली कामवाली ना? अजून आहे?"

"यज्ञेश, ते बिरडं तिचं होतं."

"कुठलं गं?"

"आपलं. खाणावळीतलं. माझं नव्हतं ते कधी."

त्याच्याकडे मागे कुणीतरी बोलत होतं. तो त्यांना काहीतरी म्हणाला, मग मला म्हणाला, "बरं, बरं. आई, रात्रीची गोळी घेतलीस ना? उद्या बोलू."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. हात धुवायला नळ सोडला आणि पुन्हा बंद केला. बोटांना अजून वालाचा वास होता. पुढचा बुधवार सात दिवसांवर होता. ओट्यावर माझं एकटीचं ताट पालथं होतं, तसंच राहू दिलं.