माडीवर लावायचा कागद

तेलंगणात आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, आमचं निर्मल जिल्ह्याचं गाव झालं. माझा लेक यशवंत म्हणाला, आता किल्ले बघायला, लाकडी खेळणी घ्यायला लोक येतील. माडी सजवून त्यांना राहायला देऊ. हैदराबादहून सजावटवाली आणली. तिनं माझी परात भिंतीला टांगली, जात्यावर काच ठेवून चहाचं टेबल केलं. मी तिच्यावर नजर ठेवली.

एक दिवस बघते तर घराचा कागद तिच्या हातात. निजामाच्या काळातला, उर्दूतला, मोठ्या शिक्क्याचा. दर लक्ष्मीपूजनाला मी त्याला कुंकू लावते. नव्या कचेरीत घर नावावर चढवायला तोच लागणार, आणि ही म्हणते, अक्षर सुंदर आहे, चौकटीत घालून पलंगाच्या वर भिंतीला लावू.

मी म्हटलं, चौकटीत नक्कल जाईल, मग खरा कुठं जाईल? यशवंत म्हणाला, आई, तिला उर्दू येत नाही.

"येत नाही तर इतका गोड काऊन लागून राह्यला तिले?"

हिनं बदललाच असेल, म्हणून कागद घेऊन तडक गफूरमियांकडे गेले. तहसिलीत जन्म गेला त्यांचा. त्यांनी दोनदा वाचला.

"बाई, हे घराचं नाही. तुमच्या सासऱ्यांच्या बंदुकीचं लायसन आहे."

बदलला म्हणावं, तर माझ्याच हातचं कुंकू त्यावर थरावर थर. तेव्हा आठवलं. वाटणीत सासूबाईंपुढे दोन कागद होते, वाचता कोणालाच येत नव्हतं. मोठा शिक्का तो घराचा, असं म्हणून मीच तो ओढला. दुसरा कागद माझे दीर डोमाजी आपल्या गावी, मुधोळला घेऊन गेले. माझा कागद ते चोरतील म्हणून बावीस वर्षं मी त्यांना दारात येऊ दिलं नव्हतं, की त्यांच्या दारात पाय ठेवला नव्हता.

दुपारच्या बसनं मुधोळ गाठलं. डोमाजी उंबऱ्यातच उभे राहिले.

"वहिनी, तुमी? काऊन आल्या?"

सगळं सांगितलं. बंदुकीचा कागद पुढं केला, माझ्या घराचा मागितला. त्यांनी तो हातात घेतला नाही. आत वळून बायकोला म्हणाले, "वच्छला, पेटीची किल्ली कमरेला लाव." मग मला म्हणाले, "बसा. उर्दू येनारा आमचा माणूस वाचीन, मंग पाहू."

मी ओसरीवर बसले. राग आला नाही. त्यांच्या जागी मी तर बसासुद्धा म्हटलं नसतं.