सगळ्यांच्याच डोक्यावर ठिपका

पायस तुस्कानो यांच्याशी त्यांच्या नातीनं नाताळपासून अबोला धरला होता. अबोला म्हणजे अगदीच तोंड फिरवणं नव्हे. "येस", "नो", "डोन्ट नो" एवढं मिळायचं. पण शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून मागच्या अंगणात खुराड्याकडे पळणारी वेंडी आता त्या दाराकडे बघतसुद्धा नव्हती. आठ वर्षांची पोर, पण राग कसा जपून ठेवायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

कारण होतं बिस्किट. कोंबड्या म्हणून आणलेल्या चार पिल्लांपैकी हे एक पाच महिन्यांचं झालं आणि एका सकाळी मान उंचावून चक्क आरवलं. ऑस्ट्रेलियातल्या टार्निटच्या त्या नव्या वस्तीत एका घराची भिंत दुसऱ्याच्या बेडरूमला टेकलेली, त्यात परवान्याशिवाय कोंबडा पाळायला मनाई. आठवड्याच्या आत शेजाऱ्यांची चिठ्ठी आली. "पप्पा, तिला सांगा, फार्मवर पाठवला," बेन्सन म्हणाला. "इकडे सगळे हेच सांगतात." पायसनी मुलाचं ऐकलं.

एवढ्यावर निभावलंही असतं. पण ही फार्मची गोष्ट बायकोला, जर्ट्रूडला, सांगायची कुणालाच आठवण राहिली नाही. वसईत चाळीस वर्षं पाहुण्यांना वाढताना ती जे अभिमानानं म्हणत आली, तेच तिनं नाताळच्या टेबलावर नातीला वाढताना म्हटलं, "घे गं बाळा, घरचा कोंबडा आहे!" तिच्या लेखी याहून मोठा मान नव्हता. वेंडीनं ताटलीत पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं.

"यू सेड ही वेंट टू अ फार्म."

पायसनी आयुष्यात किती कोंबडे कापले याची मोजदाद नव्हती आणि त्यातल्या एकाचंही त्यांना वाईट वाटलं नव्हतं. पण त्या नजरेनं त्यांचा घास अडकला, तो आजतागायत उतरला नव्हता. पोरीला आपण फसवलं, आणि तिनं आपल्यावर विश्वास टाकला होता म्हणूनच फसवता आलं, हे त्यांना आत कुठेतरी खुपत राहिलं.

जानेवारीच्या शेवटी तपकिरी कोंबडी खुडूक झाली. अंड्यांच्या पेटीतून उठेना, हात घातला की फुगून चोच मारी. पायसच्या डोक्यात एक बेत शिजला. मोबाईलवर त्यांनी एका ऑस्ट्रेलियन म्हातारबाबांचा व्हिडिओ पाहिला होता: लाल जातीचा आणि पट्टेरी जातीचा संकर केला, की पिल्लू बाहेर पडताक्षणीच ओळखू येतं. काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका असला तर नर, नुसतं काळं डोकं असलं तर मादी. व्हिडिओ होता वीस मिनिटांचा. पायसनी पाहिली पाच.

मग ते वेंडीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"हे बघ, या वेळी पहिल्याच दिवशी कळेल कोण मुलगा ते. मुलगे लगेच निनाद अंकलकडे जातील. तो त्यांना मोठं करील आणि खाईलसुद्धा, आधीच सांगतो. नावं ठेवायची ती फक्त मुलींना. म्हणजे मग कुणाचं वाईट वाटायला नको."

वेंडीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "प्रॉमिस?"

"प्रॉमिस," पायस म्हणाले, आणि पायजमा सावरत निघाले ते थेट फोनकडे.

निनाद पुण्याचा इंजिनिअर. बॅकस मार्शच्या पलीकडे पाच एकर घेऊन बसलेला, आठवडाभर लॅपटॉप आणि शनिवार-रविवार कोंबड्या. त्याच्याकडे दोन्ही जाती होत्या. लाल कोंबडा मात्र किडकिडीत, शेपटीची पिसं झडलेला. पट्टेरी कोंबडा पाहून पायसचं भानच हरपलं. काय तो तुरा, काय ती छाती! असा नर दारात असताना त्या मरतुकड्याला कोण विचारतो? त्यांनी पट्टेरी नर निवडून तीन लाल कोंबड्यांत सोडला आणि पंधरा दिवसांनी नऊ अंडी घेऊन आले. तोवर घरची खुडूकबाई गोल्फच्या दोन चेंडूंवर मनोभावे बसून होती. जर्ट्रूडनं प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं क्रूस काढला. दुसरीनं मध्येच अंडं घातलं तर ओळखता यावं म्हणून काढतात, पण काढताना तिचे ओठ हलत होते.

दहाव्या दिवशी पायस लॉन्ड्रीत अंधार करून अंडी तपासत होते. दार किलकिलं झालं. वेंडी न बोलता आत आली आणि तिनं त्यांच्या हातातून फोनचा टॉर्च घेतला. अंड्याच्या आत लाल दोऱ्यांचं जाळं उजळलं आणि त्यात काहीतरी हललं. "इट्स मूव्हिंग," ती कुजबुजली. तिचा खांदा त्यांच्या दंडाला टेकला होता. अंडं बघून झालं तरी पायस तसेच उभे राहिले.

एकविसावा दिवस शनिवारचा उजाडला. सकाळी सात पिल्लं कोरडी होऊन कोंबडीच्या पंखाखालून डोकावत होती. वेंडीकडे दोन खोकी होती, आणि कागदावर 'गर्ल्स' असं लिहून खाली नावांची यादी. पायस एकेक पिल्लू उचलून तिच्या ओंजळीत देत होते.

"डॉट," वेंडी म्हणाली. पहिलं पिल्लू मुलांच्या खोक्यात गेलं. "डॉट. डॉट." पाचव्याला तिचा आवाज बारीक झाला. सातव्याच्याही डोक्यावर पांढरा ठिपका स्वच्छ दिसत होता.

"ऑल बॉइज?"

पायस घरात गेले आणि निनादला फोटो पाठवून त्यांनी फोन लावला.

"काका, जोडी उलटी लागली. नर लाल हवा होता आणि माद्या पट्टेरी. पट्टेरी नर लावला की मुलगे काय नि मुली काय, सगळ्यांनाच ठिपका. मलाही तेव्हा सुचलं नाही."

पायसच्या डोळ्यांपुढे तो शेपटी झडलेला लाल कोंबडा उभा राहिला.

बेन्सन ओट्यापाशी चहा घेत सगळं ऐकत होता. "त्यात काय एवढं? कुठलीही चार उचला, हे मुलगे म्हणून सांगा आणि देऊन टाका. पुढे एखादं आरवलं तर बघू. तिला काय कळतंय!"

कळलं नसतंच. आणि अडीच महिन्यांनी पोर आज त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. ती पुन्हा दुरावेल अशी पायसना भीती वाटली. काचेच्या दारातून त्यांना ती दिसत होती; गुडघ्यांवर बसून यादीतली नावं बोटानं वाचत होती. ते बाहेर गेले, बादली उपडी घालून तिच्यासमोर बसले.

"वेंडी, मला माहीत नाही."

"व्हॉट डोन्ट यू नो?"

"यातला मुलगा कोण, मुलगी कोण. सगळे मुलगेच आहेत असं नाही. माझी चूक झाली. देखणा कोंबडा बघितला आणि भाळलो, नीट माहिती न काढता. आता दोन महिने तरी कळणार नाही."

"सो दे ऑल गो?"

"नाही. कळेपर्यंत सगळी इथंच. पण मग आरवणारे जातील, आणि तोवर तुझा त्यांच्यात जीव गुंतेल. ते टाळायचं तुला प्रॉमिस केलं होतं मी, आणि मला ते पाळता आलं नाही."

वेंडी गवत उपटत राहिली. "विल यू टेल मी? बिफोर?"

"आदल्या दिवशी सांगेन."

"इव्हन इफ आय क्राय?"

"तू रडलीस तरी."

कोंबडी खोक्याभोवती कुरकुरत फिरत होती. वेंडीनं मान वर केली नाही.

"वॉज बिस्किट स्केअर्ड?"

नाही म्हणणं जिभेवर आलं होतं. पायसनी ते गिळलं. "थोडा. मी त्याला कुशीत घेतलं, डोळ्यांवर हात ठेवला. मग कमी घाबरला."

"डिड यू फील सॅड?"

"तेव्हा नाही. नंतर झालो. तू बोलेनाशी झालीस तेव्हापासून आहे."

वेंडीनं कागदावरचा 'गर्ल्स' हा शब्द खोडला. मग खोक्यातली पिल्लं एकेक करून कोंबडीखाली परत सोडू लागली, प्रत्येकाच्या कानाशी एकेक नाव सांगत. शेवटचं पिल्लू तिनं पायसच्या तळहातावर ठेवलं. "दिस वन्स बिस्किट."

"आणि आरवला तर?"

"मग तू मला सांगणार," वेंडी म्हणाली, आणि त्यांची बोटं तिनं एकेक करून पिल्लाभोवती मिटवली.